सोळा वल्ही

छत्रीच्या काड्यांची सोळा वल्ही,
फणसाच्या फळीचा कणा,
जुन्या पंख्याचं बेअरिंग.
रिमोटची कांडी ढकलली की
सगळी एकदम उठतात, एकदम बुडतात.

जैतापूरच्या धक्क्यावर
मुबारक सोलकर विडी विझवून म्हणाले,
"घाई करतत रे तुजे खलाशी.
ओढ झाली का मानूस दम खातो."

रात्री कॅमची कड कानशीने घासली,
तांदळाच्या दाण्याएवढी सपाट.

भांगाचा दिवस, पाणी निवांत.
ओढ. दम.
ओढ.
त्या दमात गलबत
नुसतंच सरकतं,
कोणाच्याही जोराशिवाय.

मग खाडीच्या मध्यावर सिग्नल सुटला.
मी कांडी दाबतोय, दाबतोय,
आणि सोलकरचाचा
तोंडाशी पंजे धरून
त्या सोळा जणांना
हाका मारतायत.