चौथा मागून येतोय

रविवारी सात वाजता, कारंजापाशी.
अमान्सिओ पाच मिनिटं उशिरा,
पोटरीवर चेनच्या काळ्या तेलाचा ठसा.
फ्रोइलान गुडघ्याला मलम चोळतोय.
मी चाकातली हवा पुन्हा पुन्हा दाबून बघतो,
आणि ‘चला’ असं कुणीच म्हणत नाही.
ते एउतिमिओ म्हणायचा.

शेवटी एक कुत्रं भुंकलं, त्यावर निघालो.

गहू कापून झालाय. पिवळ्या खुंटांच्या टेकड्या
एकीला खेटून एक.
चाळीस वर्षं मी या भागात मेंढ्या तपासल्या,
म्हणून मला टेकड्याही तशाच दिसतात:
ही गाभण, ती कालच कातरलेली,
ती पलीकडची मागच्या पायानं जरा अधू.
रस्ता एकीलाही वळसा घालत नाही.
सरळ चढतो, सरळ उतरतो.
रोमनांनी आखला म्हणे.
सायकली नव्हत्या त्यांच्याकडे.

ओकच्या राईनंतर वारा समोर आला.
एउतिमिओ असता तर काही न बोलता पुढे गेला असता;
ट्रक चालवून चालवून रुंदावलेली पाठ,
तिच्या आडोशाला आम्ही तिघं
आयतेच ओढले जायचो
आणि वर त्यालाच ओरडायचो, हळू की जरा!
आज मी पुढे. एक किलोमीटर.
मग अमान्सिओ.
मग फ्रोइलान, वाऱ्याच्या आईचा उद्धार करत.
वारा म्हातारा आहे, त्यानं ऐकलंय सगळं.

पेन्याबेला.
किल्ल्याची एकच भिंत उभी,
तिच्या खिडकीतून गिधाडं आरपार दिसतात.
चर्चच्या दारावर दगडी सिंह, चेहरा मांजराचा,
कोरणाऱ्यानं सिंह पाहिला नसणार.
बुरुजावर करकोच्यांचं घरटं,
बैलगाडीच्या चाकाएवढं, आणि रिकामं.
ऑगस्टात इथे साठ माणसं असतात.
हिवाळ्यात चार,
पाववाल्याची गाडी दोनदा हॉर्न देते
ती सवय म्हणून.

बेनिल्दे दारात बसलेली.
चर्चची वीतभर किल्ली अ‍ॅप्रनच्या खिशात.
आम्हाला बघून आत गेली,
बाहेर आली ती चार पेले घेऊन.
पाणी ओतलं, चारांत. मग म्हणाली,
‘चौथा कुठाय?’

अमान्सिओ बुटाची पट्टी काढून पुन्हा लावू लागला.
फ्रोइलानला अचानक सिंह बघायचा होता.
तेव्हा मीच,
ज्यानं शेकडो मेंढपाळांना तोंडावर सांगितलं
की ही वाचणार नाही,
मी म्हणालो, ‘टायर बसला त्याचा. मागून येतोय.’

ती पेल्यांकडे बघत राहिली.
‘मंगळवारी वारा तुमच्या वाल्देसेर्नाकडून होता,’ म्हणाली.
‘घंटा मोजल्या मी. पुरुषाच्या होत्या.’

मग काय बोलायचं असतं?
भिंतीवरून एक पाल गेली.
तिनं आतून रेडिओ आणला, मोठा, बटणं झिजलेला.
दर महिन्याला त्यात घालायला
एउतिमिओ पाठच्या खिशातून सेल आणायचा,
केळ्याला चिकटलेले. पैसे घ्यायचा नाही.
तिनं बटण फिरवलं. कुणीतरी कुठल्यातरी शहरातल्या
गाड्यांच्या कोंडीबद्दल सांगत होतं.
‘टायर दुरुस्त झाला की सांग त्याला,
अजून चालताहेत.’

चौथा पेला कुणी उचलला नाही.
निघताना तिनं तो दारापाशीच्या
जिरेनियमच्या कुंडीत ओतला,
जसं कुणीही ओतेल. पाणी लांबून आणावं लागतं.

परतीला वारा पाठीशी असायला हवा होता.
नव्हता. फिरला होता.
पुन्हा आळीपाळीनं पुढे, एक एक किलोमीटर,
आणि शेवटच्या चढावर माझ्या लक्षात आलं,
फ्रोइलान अमान्सिओच्या चाकाला चिकटून नाही,
एक सायकल मावेल इतकं अंतर राखून चाललाय
आणि सगळा वारा खातोय, मूर्ख.
मी ओरडणार होतो, जवळ घे.

किती सेल लागतात त्या रेडिओला?
सहा असावेत. मोठे.
मी विचारायला विसरलो.