तपकिरी सोडून

बावीस वर्षं ओग्न्यान स्तामेनोव्हने
एकाच घडणीचे तपकिरी जोडे झिजवले,
शाळेच्या रसायनशाळेपासून बसथांब्यापर्यंत,
बसथांब्यापासून घरापर्यंत,
मध्ये एकदा नगरपालिकेत, गळक्या छपरासाठी.
तिथे तर दोन जोड्या गेल्या.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी, प्लोवदिवच्या बाजारात,
लोणच्याच्या बरण्या आणि सायकलच्या चाकांमधून
एक जोडी त्याच्याकडे बघत होती.
पिवळी. मोहरी नव्हे, मोहरीचं फूल.
डाव्या टाचेला आधीच्या मालकाचा कल.
'अठरा लेव्हा,' रूस्का म्हणाली,
मग त्याच्या पँटकडे बघून,
'बरं, चौदा.'

सवयीने त्याने वहीत लिहिलं:
प्रयोग पहिला. पिवळे जोडे, राखाडी मोजे.
निरीक्षण: आठवी ब मध्ये तीन मिनिटं शांतता.
प्रयोग दुसरा. जोडे तेच, मोजे हिरवे,
विणलेला टाय, दोन लेव्हा,
वाइनचा डाग नेमका नक्षीत बसलेला.
निरीक्षण: मुख्याध्यापिका दोब्रेवांनी विचारलं,
घरी सगळं ठीक आहे ना.
प्रयोग तिसरा, पट्टा.
पट्ट्याविषयी तो फारसं बोलत नाही.

मनगटावर होती मार्तेनित्सा,
एक तारखेला मागच्या बाकावरच्या सियानाने बांधलेली,
लाल-पांढरी, दोन वीत लोकर.
तिथे मार्चमध्ये सगळ्या शहराचा दागिना तोच,
मासेवाल्याचा तोच, न्यायाधीशाचा तोच.
करकोचा दिसेपर्यंत
किंवा एखादं झाड फुलेपर्यंत काढायची नाही.

एकोणीस तारखेला, बस समोर उभी असताना,
डाव्या बुटाची नाडी तुटली.
दुकानात नव्या नाडीचे पाच लेव्हा.
घोड्यापेक्षा लगामाचा तोरा!
ओग्न्यानने मनगटाची गाठ सोडली
आणि लोकर बुटात ओवली.
मनगटावरून काढली, अंगावरून नाही,
असं तो स्वतःलाच म्हणाला,
कॉपी करताना सापडलेल्या मुलाच्या आवाजात.
सियानाने दिवसभर त्याच्या पायांकडे पाहिलं.
वहीत त्या दिवशी काही नाही,
फक्त कोपऱ्यात एक बूट काढलेला,
बरा काढलेला.

मग शनिवारी, पावाच्या दुकानामागे,
आलुबुखाराचं झाड रात्रीत फुललं.
आता फांदीला लोकर बांधायलाच हवी.
गवत ओलं. बसायला जागा नाही.
एकोणपन्नास वर्षांचा ओग्न्यान
खोडाला एक हात टेकून
एका पायावर उभा राहिला,
दुसरा गुडघ्यापाशी दुमडून,
मान खाली, नाक बुटात,
भोकाभोकातून लाल धागा ओढत.
पांढरा सदरा वाऱ्याने पाठीवर फुगलेला.

चौथ्या मजल्यावर गालिचा झटकताना
पेन्काने चष्म्याविना खाली पाहिलं,
गालिचा तसाच कठड्यावर टाकला
आणि घाईघाईने
आपल्या मनगटाची गाठ सोडायला घेतली.