बाईंच्या जागी

मान अवघडते म्हणून
बाईंनी चेहरा तेवढा दिला, तीन सकाळी.
गळ्याखालच्या बाईंसाठी
मला बसवलं.

“बेन्वात, रेशमाला घाम लागू देऊ नकोस,”
म्हणाल्या, आणि पत्ते खेळायला गेल्या.

रोज पुसते ती खुर्ची
बसायला इतकी टणक असेल असं वाटलं नव्हतं.
हातात चिनी मातीचा कप, रिकामा.
चॉकलेट चित्रकार स्वतःच पिऊन टाकायचा,
मग कप रंगाने भरायचा,
वाफेसकट.

झगा पिस्त्याच्या रंगाचा, अंगभर गुलाबी फुलं.
ही फुलं माझ्या ओळखीची.
लियोंला, साँ-जॉर्जच्या गल्लीत, बापाच्या मागाला खेटून
सातव्या वर्षापासून मी दोऱ्या ओढल्या.
कुठल्या पाकळीला किती हिसके
हाताला अजून पाठ आहे.
उजाडल्यापासून दिवा लागेपर्यंत वीतभर कापड.
बाईंच्या नुसत्या मांडीवर
आमचा एक अख्खा हिवाळा पसरलाय.

त्या दोऱ्यांनीच माझा उजवा खांदा उतरला.
चित्रकार दोनदा उठून आला, खांदा वर केला,
तो पुन्हा खाली.
शेवटी म्हणाला, राहू दे.
हात मात्र त्याने सोडले नाहीत.
राखेच्या पाण्याने सोललेलं, चुलीने भाजलेलं,
सगळं पांढऱ्या रंगाच्या चार फटकाऱ्यांत गेलं.
मी कपाआडून बघत होते.

नवव्या दिवशी म्हणाला, आता तुझा ॲप्रन घाल,
दाराशी उभी राहा, तबक घेऊन,
तोंड भिंतीकडे.
अर्धी दुपार पुरली त्याला.
तपकिरी उरलाच होता.

रविवारी पाहुणे आले, चित्रावरची चादर काढली.
मालक नाक लावून झग्याची झालर तपासत होते,
गोदामात गाठ तपासावी तशी.
वकिलाची बायको म्हणाली,
“तो खांदा बघा! किती सहज सोडलाय.
हे शिकून येत नाही हो, रक्तात असावं लागतं.”

बाई लाजल्या.
मग बसल्या जागी, कुणाचं लक्ष नाही असं बघून,
उजवा खांदा खाली घेऊ लागल्या.
जरा जास्तच गेला.
वर घेतला. पुन्हा खाली.

मी मागेच उभी, नऊ कप चॉकलेट,
तबक जड.
डाव्या हातावर घेतलं.