एकशे चार फॅरनहाइट

जानेवारीच्या बर्फात डोलोरेसचं मनगट मोडलं,
तिच्याच पायरीवर, मीठ टाकायच्या आधी,
आणि कन्युअर पोपटाची तीन पिल्लं
टॉवेल घातलेल्या आइस्क्रीमच्या डब्यातून
माझ्या स्वयंपाकघरात आली.
"दिवसातून चार वेळा. तुला जमेल," ती म्हणाली.
चौतीस वर्षं मी ईरीच्या कारखान्यात
इंचाच्या हजाराव्या भागाने इंजिनं मापली,
म्हणून वाटलं असेल तिला.

पिल्लं कसली, उकडलेल्या अळकुड्यांना
कुणी काटे टोचून ठेवावेत तशी.
डोळे अर्धे मिटलेले. मान देठासारखी.
डोकं मात्र एकसारखं वरखाली,
जगातल्या प्रत्येक गोष्टीला हो.

एकशे चार.
पंचाण्णवला पेज गळ्याखालच्या पिशवीत बसून राहते,
एकशे पंधराला आतून पोळते,
आणि पोळल्याचं कळायला दिवस जातात.
मायक्रोवेव्ह नको, त्यात एखादा घोट लपून उकळतो.
वाटी गरम पाण्यात. ढवळ. थर्मामीटर. पुन्हा ढवळ.
तरी शेवटी एक थेंब मनगटावर घ्यायचाच,
कुंदा दुधाचा घ्यायची तसा.

सिरिंज त्याच्या डावीकडून, टोक उजवीकडे.
चुकलं तर श्वासाची वाट.
डोकं हलतंय तोवरच दाबायचं,
थांबलं की थांबायचं.
हे वाक्य डोलोरेसनं फोनवर दोनदा सांगितलं.

तिसऱ्या रात्री धाकट्याची पिशवी उतरेना.
संध्याकाळचे सहा मिली तसेच, बोटाखाली गिळगिळीत,
आणि चोचीला वास, विसरलेल्या इडलीच्या पिठाचा.
घाबरून मी वर आणखी दोन मिली दिले.
आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर आधी जेवण.
त्यानं ते माझ्या बाहीवर ओकलं.

"भरू नकोस रे," रात्री दोन वाजता डोलोरेस,
प्लास्टरातल्या हातानं फोन सावरत,
"आधी रिकामं होऊ दे."
सकाळी डॉक्टरीणबाईंनी बारीक नळीनं पिशवी धुतली,
औषध दिलं, मग डब्यात हात घालून म्हणाल्या,
"पेज ठीक आहे. हा डबाच गार आहे."
खिडकीजवळ ठेवला होता मी,
तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. उजेड मिळेल म्हणून.

ऋजुताला मी एकच आठवडा भरवलं होतं,
कुंदा दवाखान्यात होती तेव्हा.
वरणभात. ती ओठ मिटून.
हा घास चिऊचा, हा काऊचा,
आजोबांचा, समोरच्या कुत्र्याचा,
मग माझ्याकडची नावं संपली
आणि मी तिचे गाल दाबून तोंड उघडलं.
तिला आठवत नसेल. तीन वर्षांची होती.
मला माझी बोटं आठवतात.

आता चिऊच समोर बसलीय.
हिच्या घासाला कोणाचं नाव लावू?

मार्चात, तळ्यावरचा बर्फ तडकत असताना,
थोरल्यानं सिरिंज बघून तोंड फिरवलं.
मी वाट बघितली. पुन्हा नेली.
त्यानं मान अशी झटकली
की अर्धी पेज कॅलेंडरवर.
तराजूवर अडुसष्टचे पासष्ट ग्रॅम.
मी फोन उचलला, हात कापत होता.
डोलोरेस हसली. "उडायच्या आधी हलकी होतात.
नको म्हणतोय ना? म्हणू दे.
मक्याचे दाणे उकडून ठेव, आणि बाजूला हो."

बाजूला झालो.
एक दाणा त्यानं पायात धरला, फोडला, टाकला.
दुसरा टाकला.
तिसऱ्याचं साल बराच वेळ जिभेवर घोळवत
माझ्याकडे एका डोळ्यानं बघत राहिला.
मी दुसरीकडे बघितलं.

मधलीही आता बाजरीच्या कणसावर आहे.
धाकटा मात्र रात्री एकदा मागतो.
डोलोरेस म्हणते, ही भूक नाही, सवय आहे.
असेल.
मी पाणी तापत ठेवतो.
मागतोय तोवर एकशे चार.