शेऱ्याचा रकाना

माझगावच्या भांडारात आज माझा शेवटचा दिवस,
कागदावर म्हणाल तर सव्वासहापर्यंत.
समोर कुमारी पागधरे, पेनाचं टोपण दातात धरून,
आणि मी जडवस्तू नोंदवही वाचून दाखवतोय
पोथी वाचावी तशी, ओळीखाली बोट ठेवून.

मोजपट्ट्या, पोलादी, तीस मीटर, नग सहा.
चौथीचे पहिले दोन सेंटिमीटर गंजाने खाल्लेत,
तिनं मोजलं की दोन वजा करायचे.
हे कुठल्याच परिपत्रकात नाही, तोंडी सांगतोय.

खुर्च्या, वेताच्या, नग अकरा.
बारावी, लिफ्ट बसली त्या वर्षी, तिसऱ्या मजल्यावरच्या
एका साहेबांच्या पाठीला बरी वाटली, ती तिकडेच राहिली.
तिची पोच आहे. पोच जपा, खुर्चीपेक्षा.

खारा वारा इथे कुणाची सही घेत नाही.
दारूखान्यात जहाजं तोडतात, त्याचे घाव खिडकीतून येतात
आणि कपाटातले होकायंत्र बसल्या जागी हिरवे होत जातात.
दर सोमवारी खोबरेल, स्वखर्चाने.
एकदा बिल लावलं होतं त्याचं.
लेखाशाखेनं विचारलं, केसांसाठी का?

अनुक्रमांक एकशे त्रेसष्ट.
थिओडोलाइट, पितळी, सागवानी पेटीसह, नग एक.
"उघडू या," पागधरे म्हणाल्या.
किल्ली नाही, मी म्हटलं.
मिस्किटांकडून चार्ज घेतला तेव्हाही नव्हती.
त्यांनी पेटी नुसती हलवून दाखवली होती,
आत काहीतरी जड, गुपचूप सरकलं होतं
आणि मी लिहिलं होतं: प्रत्यक्ष पाहिले, सुस्थितीत.

त्यानंतर सव्वीस वेळा एकतीस मार्च आला.
सव्वीस वेळा तेच तीन शब्द, लाल शाईची तीच खूण.
हात एकदाही थरथरला नाही,
आता नेमकं तेवढंच आठवतंय.

शेलटकर पेचकस घेऊन आला.
बिजागऱ्या निघाल्या, सागाचा कोंडलेला वास आला,
आत हिरवी मखमल
आणि मखमलीत यंत्राच्या आकाराचा खळगा:
दुर्बिणीची जागा, चकतीची जागा, तीन पायांच्या तीन जागा.
खळग्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली फरशी.
शहाबादी. कडा घासून घेतलेल्या.
ज्यानं ठेवली त्यानं वजन जुळवलं होतं,
एवढं काळजीनं काम या खात्यात मी फार कमी पाहिलंय.

पंखा फिरत राहिला. नग दोन, पैकी एक बंद.

"साहेब, परत ठोकून टाकतो," शेलटकर हळूच म्हणाला.
पागधरे बोलल्या नाहीत, टोपण आता टेबलावर होतं.
त्या कसला हिशेब करतायत ते मला दिसत होतं:
माझं उपदान, माझा ना-देय दाखला,
आणि पुढं कधीतरी, दुसऱ्या कुणासमोर,
त्यांच्या सहीखाली हीच फरशी.

नव्यांना चहा पाजता पाजता मीच सांगायचो ना,
सरकारी वस्तू कुणाचीच नसते, म्हणून ती तुमची.
तेव्हा सगळे हसायचे. मीही.

लिहा, म्हटलं.
पेटी, सागवानी, नग एक, बिजागऱ्या काढलेल्या.
मखमल, हिरवी, कसर नाही.
फरशी, शहाबादी, नग एक.
हो, तीही. इथे सापडली, म्हणजे आता ती सरकारी.
यंत्र: आढळले नाही.

राहिला शेऱ्याचा रकाना. तो फार अरुंद असतो,
छापणाऱ्याला वाटलं असेल,
माणसाकडे सांगण्यासारखं इतकंच उरतं.
वही माझ्याकडे ओढून मी लिहिलं: पाहिले नव्हते.
खाली सही, तारीख. पाच वाजून बारा मिनिटं.

मग उघडी पडलेली चौथी मोजपट्टी गुंडाळून जागेवर ठेवली.
दोन वजा करायचे, पुन्हा सांगितलं.
"लिहून घेतलंय," पागधरे म्हणाल्या,
आणि त्यांनी एकशे चौसष्टवर बोट ठेवलं.