एक्केचाळीस नंबरचा माग

नेल्सनच्या त्या गिरणीत आता माग नाहीत.
फरशीला भोकं आहेत, चार-चार,
बोल्टांची,
आणि तेलाचे डाग, असे मुरलेले
की नगरपालिकेच्या कुठल्याच रसायनाला दाद देत नाहीत.

मी इचलकरंजीहून आवाज नेला होता.
आमच्या गल्लीतल्या सोळा मागांचा खटखटाट,
पहाटे साडेतीनला रेकॉर्ड केलेला.
वाटलं, रिकाम्या शेडमध्ये स्पीकर लावू,
माणसं येतील, डोळे मिटून उभी राहतील.
झालं काम.

एनिड हॅल्स्टेड, वय चौऱ्याऐंशी,
हिनं पाऊण मिनिट ऐकलं आणि हात वर केला.
"हा आमचा नाही. आमचा जरा लंगडायचा."
मग ती नुसत्या ओठांनी काहीतरी बोलली,
तोंड मोठं मोठं हलवत,
जशा त्या सगळ्याजणी बोलायच्या
चारशे मागांच्या गदारोळात.
मला अक्षर कळलं नाही.
दारात इफ्तिखार हसला.
कान त्याचे याच शेडनं नेले,
म्हणून ओठ वाचता येतात.
"काय म्हणाली?"
"म्हणते, हा पोरगा आम्हाला सांगायला आलाय
आमचा आवाज कसा होता ते."

स्पीकर मी गाडीत ठेवून आलो.

ती दिवसपाळीची, तो रात्रपाळीचा,
अकरा वर्षं एकच माग, एक्केचाळीस नंबर.
तो मागच्या दारानं बाहेर, ती पुढच्या दारानं आत.
नावसुद्धा ठाऊक नाही.

भोकांपासून वरच्या तुळईपर्यंत सूत ताणायचं
असं तिघांचं ठरलं (भांडून, दोन दिवस).
एक दोरा तुटला. इफ्तिखारनं सांधला.
एनिड चष्मा वर करून त्या गाठीकडे बघत राहिली.
"डावखुऱ्या! तू होय!"
रोज सकाळी तिला कापडात ही गाठ सापडायची,
उलटी वळलेली.
अकरा वर्षं ती तिला शिव्या घालत आली होती.
"आणि तू," तो म्हणाला, "दोऱ्याची टोकं
इतकी बारीक छाटणारी कंजूष बाई."

आमच्या भाषेत, मी म्हणालो,
गाठ पडणं म्हणजे भेटणं.
एनिडला त्यात विशेष वाटलं नाही.
"मग? वेगळं काय सांगतोस?
ती कात्री दे इकडे."

छत गळतं तिथं. पाऊस आला की
एकेक थेंब सुतावरून उतरतो,
गाठीपाशी थबकतो,
आणि बोल्टाच्या भोकात जातो.
हे आमच्यापैकी कुणीच योजलं नव्हतं.

फॉर्मवर रकाना होता: कुणी काय केलं.
एनिडनं लिहिलं, दिवस.
इफ्तिखारनं लिहिलं, रात्र.
मी लिहिलं, रीळ धरलं.

परत येताना विमानात ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.
सव्वा मिनिटाला कुणीतरी खोकतं,
मागांच्या आतून, अगदी जवळ.
आमच्याच गल्लीतला.
कोण होता, ते विचारायचं राहूनच गेलं.