लाकडी नळी

नारीनच्या इस्पितळात हीटर बंद पडला की
बुरुलचा एजे आधी हात काखेत घालायच्या.
(एजे म्हणजे ताई. डॉक्टर कुणीच म्हणत नसे.)
"गार हातानं पोटाला शिवायचं नाही, बाई आक्रसते."
पुस्तकात नव्हतं हे.

विचारायचं, आणि मग थांबायचं.
किती, ते कधी सांगितलं नाही.
एक मेंढपाळीण खिडकीकडे बघत
चहा निवेपर्यंत गप्प बसली;
मी घड्याळ पाहिलं,
एजेंनी माझं मनगट हळूच झाकलं.

चौतीस वर्षांची बाळंतपणं मोजली नाहीत म्हणे.
गेलेल्या सात जणींची नावं मात्र
कपाटाच्या दाराला, आतून,
कोट काढताना रोज समोर येतील अशी.

निवृत्तीचं भाषण टाळून
त्यांनी नळी माझ्या हातात दिली,
कानाच्या बाजूनं झिजलेली.
मशीन आहे की आता, मी म्हटलं.
"असू दे. नळीसाठी वाकावं लागतं."

आज पहाटे वीज गेली.
नवी पोरगी, आयझादा, पोटाशी वाकली,
हात काखेत ऊबवून, बरोब्बर.
नळी तेवढी उलटी धरलीन.

मीही तशीच धरली होती.